ब्लीच प्लांटचे जुने पंप बदलले: एक हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

ब्लीच प्लांटमधले, म्हणजे कागदाचा लगदा पांढरा करणाऱ्या विभागातले पंप बदलायचे की आणखी दोन वर्षं ओढायचे, हा प्रश्न बगॅसवर (उसाच्या चिपाडांवर) चालणाऱ्या पेपर मिलला कधी ना कधी पडतोच. आमची मिल साताऱ्याजवळची. गेल्या वर्षी साखर कारखान्यांचं गळीत सुरू व्हायच्या आधीच्या शटडाउनमध्ये आम्ही यातले महत्त्वाचे पंप बदलले. आता पूर्ण हंगाम आणि त्यावरचा पावसाळाही पार पडला आहे, म्हणून मेंटेनन्सच्या बाजूने काय दिसलं ते सविस्तर लिहितोय. पंप कुठल्या कंपनीचे हे मुद्दाम लिहीत नाही. चांगला पंप तीन-चार ठिकाणी मिळतो. फरक पडतो तो निवड कशी केली आणि पंपाच्या आधी काय आहे यावर. आणि खर्च वसूल होतो तो विजेच्या बिलातून कमी, पाणी, वाफ आणि केमिकलमधून जास्त. खरेदीच्या कागदावर मात्र सगळ्यांनी विजेचाच हिशेब मांडलेला असतो.

आधी आमची मांडणी सांगतो. पहिला टप्पा क्लोरीन डायऑक्साइडचा, दुसरा कॉस्टिक-पेरॉक्साइडचा, तिसरा पुन्हा डायऑक्साइडचा. कॉस्टिकच्या टॉवरला लगदा चढवायला जुना दोन स्क्रूंचा पंप होता. वॉशर म्हणजे लगदा धुणारं यंत्र. त्याखालच्या फिल्ट्रेटला, म्हणजे निथळलेल्या पाण्याला, ग्लँड दोरीचे पंप होते, ज्यांत शाफ्टभोवतीची गळती दोरी आवळून रोखतात. स्क्रू पंप वारंवार अडायचा म्हणून पाळीवाले लगद्यात पाणी सोडून तो पातळ करायचे, की झालं काम. त्यांचं चुकत नव्हतं, पंपच तसा उरला होता.

फिल्ट्रेटचा एक पंप उघडला तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. शाफ्टच्या स्लीव्हवर दोरीने खाल्लेल्या खाचा इतक्या खोल की त्यात नख अडकत होतं. इम्पेलरच्या पात्यांच्या कडा झिजून धारदार झालेल्या. फिटरने तो उचलताना हाताला गोणपाट गुंडाळलं. हे काम वाळूचं. उसाबरोबर शेतातली माती येते, ती धुऊन धुऊनही थोडी राहतेच, आणि मशीनने तोडलेल्या उसाच्या बगॅसमध्ये ती जास्त असते. लाकडाच्या लगद्यासाठी लिहिलेली पंपाच्या आयुष्याची गणितं आपल्याकडे जशीच्या तशी लावू नयेत, ती याचसाठी.

स्क्रू पंपाच्या जागी मीडियम कन्सिस्टन्सीचा सेंट्रिफ्युगल पंप घेतला. कन्सिस्टन्सी म्हणजे लगद्यात कोरडा तंतू किती टक्के ते. दहा-बारा टक्के कन्सिस्टन्सीचा लगदा भाकरीच्या पिठासारखा असतो, तो आपणहून पाइपात वाहत नाही. या पंपाचा रोटर पुढे स्टँडपाइपमध्ये, म्हणजे पंपाआधी लगदा साठणाऱ्या उभ्या पाइपात, घुसलेला असतो. तो लगद्याला इतक्या जोराने घुसळतो की तंतूंची जाळी मोडते आणि लगदा पाण्यासारखा वाहायला लागतो. घुसळताना आतली हवा मधोमध गोळा होते. ती व्हॅक्यूमने सतत ओढून काढावी लागते, नाहीतर पंप हवा धरतो आणि प्रवाह तुटतो. त्यामुळे या पंपाचं यश अर्धं व्हॅक्यूमवर आणि अर्धं स्टँडपाइपच्या लेव्हलवर असतं. लेव्हल खाली गेली की हवा शिरते. वर गेली की लगदा तुंबतो आणि वॉशरपर्यंत अडचण जाते. सुरुवातीचे काही आठवडे पाळीवाल्यांचा हात सवयीने पाण्याच्या व्हॉल्व्हकडेच जायचा. लेव्हल कंट्रोलवर भरवसा बसला तसा तो थांबला. हे शिकवण्याचा वेळ शटडाउनच्या वेळापत्रकात धरलेला नसतो, तो आधीच धरा.

आता फायदा कुठे झाला ते. एक टन कोरडा तंतू दहा टक्क्यांवर असेल तर त्याच्याबरोबर नऊ टन पाणी असतं. तोच चार टक्क्यांवर आणला तर पाणी चोवीस टन होतं. म्हणजे दर टनामागे पंधरा टन पाणी जास्त फिरवायचं, तापवायचं आणि शेवटी त्यातलं बरंच ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला) पाठवायचं. एक घनमीटर पाणी ३० अंशांवरून ७० अंशांवर न्यायला ४०,००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण ७५ किलो वाफ. हे गणित कुणीही कागदावर करू शकतो, पण पातळ लगद्याची सवय लागलेल्या प्लांटमध्ये ते कुणी करत नाही. लगदा घट्ट आणि एकसारखा चढायला लागल्यापासून केमिकलही मोजून मिसळतं. आमच्या लॅबमधल्या ताई पाळीपाळीला ब्राइटनेसचे आकडे देतात. त्यातला चढउतार स्पष्ट कमी झाला आहे. आधी खराब आकडा आला की सगळे डायऑक्साइड वाढवायचे, आता ते कमी वेळा करावं लागतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सक्शनने, म्हणजे पंपात पाणी शिरतं त्या बाजूने, आणि इथे थोडं थांबून लिहितो. कॉस्टिकच्या टप्प्यातलं फिल्ट्रेट गरम असतं, ७०-८० अंश. ८० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब पाण्याच्या स्तंभात साधारण ४.८ मीटर. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मीटर धरतात. पण सातारा साधारण ७०० मीटर उंचीवर आहे, इथे तो ९.५ च्या आसपास मिळतो. म्हणजे पंपाच्या तोंडाशी उरणाऱ्या दाबात पाऊण मीटरची तूट सुरुवातीलाच. डेटाशीटवर जागेची उंची लिहायची एक ओळ असते. आमच्याकडे आलेल्या एका कोटेशनमध्ये ती ओळ शून्यच होती. थंड पाण्यावर हे खपून जातं. ८० अंशांच्या फिल्ट्रेटवर खपत नाही, पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलर खाल्ला जातो.

जुन्या पाइपलाही तोच दोष होता. पंपाच्या तोंडालाच एल्बो आणि त्याला साधा रिड्यूसर (पाइपचा व्यास कमी करणारा जोड), ज्याच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकून बसायची. आम्ही सपाट बाजू वर ठेवून एक्सेन्ट्रिक रिड्यूसर लावला आणि पंपाआधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी काढली. त्यासाठी फाउंडेशन सरकवावं लागलं. सिव्हिलवाल्यांशी वाद झाला, शटडाउन लांबेल अशी भीती होती, तरीही ते केलं आणि केलं ते बरंच झालं. ग्राउटिंग नीट वाळू द्या, पाइप बोल्टने ओढून फ्लँजला जोडू नका, आणि पाइप जोडल्यावर अलाइनमेंट डायल गेजने पुन्हा बघा. पंप गरम झाल्यावर परत एकदा बघा.

हेड फिटरला सगळे अण्णा म्हणतात. पंप चालू झाल्यावर आयटीआयचा नवा मुलगा त्यांना विचारत होता, ‘अण्णा, चालू हाय का बंद हाय ह्यो?’ अण्णा म्हणाले, ‘चालू हाय लेका. बेअरिंगवर हात ठेव, मग कळंल.’ जुन्या पंपाच्या बेअरिंगवर हात टिकत नव्हता. आता आवाज इतका कमी आहे की शेजारच्या मोटरचा बिघाडही कानाला आधी कळतो.

धातूच्या बाबतीत विक्रेते सरसकट टायटॅनियम सुचवतात. डायऑक्साइडच्या टप्प्याला ते योग्यच आहे. तिथे क्लोराइडही असतं आणि ऑक्सिडायझरही, साध्या ३१६ स्टेनलेसला बारीक खड्डे पडत जातात, आमच्या जुन्या केसिंगला पडलेच होते. पण कॉस्टिक-पेरॉक्साइडच्या गरम टप्प्यात टायटॅनियम उलट खाल्लं जाऊ शकतं, तिथे चांगलं स्टेनलेस किंवा डुप्लेक्स पुरतं. कोरड्या क्लोरीनशी तर टायटॅनियमचा संबंधच येऊ देऊ नये, ते पेट घेतं. टप्प्याटप्प्याने धातू ठरवला तर पैसेही वाचतात आणि पंपही टिकतो.

ड्राइव्हविषयी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाविषयी, लोक फार विचारतात. ५० हर्ट्झऐवजी ४२ वर पंप चालवला तर घनाच्या नियमाने वीज साधारण साठ टक्क्यांवर येते, हे खरं. पण तो नियम नुसत्या घर्षणाच्या लाइनला लागू. टॉवरच्या उंचीवर चढवायचं असेल तर ती उंची वेग कमी केल्याने कमी होत नाही, त्यामुळे बचत त्याहून कमीच येते. जिथे प्रवाह सतत बदलतो तिथेच आम्ही ड्राइव्ह लावले. डायल्यूशनच्या एका पंपाचा व्हॉल्व्ह कायम अर्धवट बंद असायचा, म्हणजे पंपच गरजेपेक्षा मोठा होता. तिथे फक्त इम्पेलर कातून लहान केला. खर्च नगण्य, फायदा रोजचा. आणि ड्राइव्हचं पॅनल ब्लीच प्लांटच्या हवेत ठेवू नका, तिथल्या वाफांनी तांब्याचे जोड काळे पडतात. वेगळी बंद खोली आणि आत स्वच्छ हवेचा दाब हवाच.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली ती दोरीऐवजी लावलेल्या मेकॅनिकल सीलची. दोरीच्या ग्लँडला मिनिटाला दहा लिटर पाणी धरलं तरी एका पंपामागे दिवसाला १४,४०० लिटर होतात, आणि त्यातलं बरंच लगद्यात शिरतं. सील लावल्यावर ते खूप कमी झालं. पण सीलला स्वच्छ पाणी लागतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गढूळ असतं. एका पंपाची सीलच्या पाण्याची लाइन गाळाने चोंदली आणि सीलचे फेस जळाले. पुरवठादाराने फिल्टर ऐच्छिक म्हणून कोटेशनमध्ये खाली लिहिला होता. माझ्या मते तो पंपाचाच भाग आहे. आता दोन फिल्टर जोडीने आहेत, एक साफ करताना दुसरा चालू, आणि पाण्याचा प्रवाह थांबला की पंप ट्रिप होतो.

सीलचा आणखी एक फायदा आकड्यात येत नाही. क्लोरीन डायऑक्साइडची कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांसाठी हवेत अवघी ०.१ पीपीएम आहे. जुन्या पंपाच्या ग्लँडपाशी उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे आणि घसा धरायचा. रात्रपाळीची पोरं तोंडाला ओला रुमाल बांधून दोरी आवळायला जायची, जो काही बचाव नाही. आता त्या पंपापाशी आवळाआवळी उरली नाही. गॅस डिटेक्टर आणि योग्य मास्क तरीही लागतातच, सील आले म्हणून ते काढू नका.

हे सगळं करायला मिलला जे भाग पाडतं त्यात नदीही आहे. २००३ च्या पर्यावरण जबाबदारीच्या सनदेत मोठ्या मिलसाठी एओएक्स (सांडपाण्यातली क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्यं) टनामागे आधी दीड आणि मग एक किलोवर आणायचं ठरलं, म्हणून क्लोरीन मागे पडून डायऑक्साइड आलं. आपलं पाणी माहुलीवरून कऱ्हाडला आणि पुढे सांगलीला जातं, तिथल्या लोकांच्या विहिरी आणि मळे त्यावर आहेत. दर टनामागे कमी पाणी आणि कमी केमिकल सोडणं मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

आपल्या भागात पंपाची माहिती असलेल्या माणसांची कमी नाही. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे, त्या परिसरातले अनुभवी टर्नर-फिटर शोधले तर मिळतात. आमचे स्लीव्ह आणि वेअर रिंग तिकडच्याच एका छोट्या वर्कशॉपने चांगले करून दिले. टायटॅनियमचे भाग मात्र बाहेरूनच येतात आणि वेळ लागतो. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या पंपाचा एक पूर्ण सील, एक बेअरिंगचा संच आणि मीडियम कन्सिस्टन्सी पंपाचा एक रोटर स्टोअरमध्ये हवाच. व्हॅक्यूम पंपाचे सुटे भागही त्याच कपाटात ठेवा, कारण तो थांबला की मोठा पंपही थांबतो. शेवटच्या डायऑक्साइड टॉवरखालचा पंप आमच्याकडे अजून जुनाच आहे. पुढच्या शटडाउनमध्ये तो निघेल, पाइपचं मोजमाप घेऊन झालं आहे.