गेमिंग ग्रुपसाठी फोरम बरा की मेलिंग लिस्ट?

आमच्या ग्रुपवर एक प्रश्न दर महिन्या-दोन महिन्यांनी हमखास यायचा: "मॉड टाकल्यापासून गेम सुरूच होत नाही, काय करू?" मॉड म्हणजे खेळाडूंनीच बनवलेली, गेममध्ये वरून टाकायची भर. उत्तर ठरलेलं होतं. कॅशचा, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर रिकामा करा, मॉडचा क्रम बदला, मग सुरू करून बघा. पहिल्या वेळी एकाने ते दोन पानं भरून, एकेक पायरी समजावत लिहिलं. दुसऱ्या वेळी त्यानेच चार ओळींत उरकलं. पाचव्या वेळी कोणीच काही लिहिलं नाही, आणि विचारणारा नवा मुलगा पुन्हा कधी दिसला नाही. तेव्हा आम्ही मेलिंग लिस्टवर होतो. ते दोन पानी उत्तर प्रत्येक जुन्या सदस्याच्या इनबॉक्समध्ये होतं. ज्याला त्याची गरज होती, त्याच्याकडे तेवढं नव्हतं.

फोरम घ्यावा की लिस्ट, असं कोणी विचारलं की मला आधी तो मुलगा आठवतो. लिस्ट आत असलेल्यांना सांभाळते. फोरम अजून यायचे आहेत त्यांच्यासाठी दार उघडं ठेवतो. तुमचा ग्रुप यातल्या कोणाच्या जिवावर चालणार आहे हे कळलं की निम्मा निर्णय झाला.

लिस्टचं काम साधं आहे. एक पत्ता असतो, त्यावर मेल टाकला की तो सगळ्या सदस्यांना जातो, उत्तरही तसंच सगळ्यांना जातं. लिस्ट चालवणारं लिस्टसर्व्ह हे सॉफ्टवेअर १९८६चं, म्हणजे वेबच्याही आधीचं. फोरम त्यामानाने उशिरा घरोघरी पोचला. पीएचपीबीबी हे फोरमचं सॉफ्टवेअर २००० साली आलं आणि थोडंफार होस्टिंग जमणाऱ्या कोणालाही आपल्या गेमचा फोरम फुकटात उभा करता येऊ लागला. तिथे विषयवार विभाग, विभागात धागे, धाग्याखाली प्रतिसाद अशी मांडणी, आणि सगळं एकाच जागी राहतं.

लिस्ट जुनी आहे म्हणून तिला मोडीत काढू नका. काही खेळांना तिच्यासारखं दुसरं काही नाही. डिप्लोमसी हा पटावरचा खेळ घ्या. सात खेळाडू, आपसात गुप्त बोलणी, आणि मग सगळ्यांचे हुकूम एकाच वेळी उघड होतात. हा खेळ १९६०च्या दशकापासून टपालाने खेळला गेला, आणि ईमेल आल्यावर तर त्याला घरच सापडलं. 'जज' नावाचा प्रोग्रॅम खेळाडूंचे हुकूम मेलने घ्यायचा, तपासायचा, आणि मुदत संपली की निकाल सगळ्यांना मेलने पाठवायचा. पंच जागा आहे की झोपलाय याची काळजी कोणालाच नसायची.

मी स्वतः नऊ जणांच्या दुसऱ्या एका टर्न-बेस्ड ग्रुपमध्ये आहे आणि आम्ही आजही लिस्टवरच आहोत. आठवड्याला एक चाल, रविवारी रात्री नऊची मुदत. नऊपैकी चौघं असे आहेत की त्यांना कुठल्याही साइटवर लॉगिन करायला सांगितलं तर ते तिसऱ्या आठवड्यात विसरतील. मेल मात्र रोज उघडतात, कारण कामासाठी उघडावाच लागतो. फोरमवर माणसाला जावं लागतं, मेल माणसाकडे येतो. नऊ जणांच्या खेळात एक जण गळला तर डाव मोडतो, म्हणून आमच्यासाठी हा फरक सगळ्यात मोठा. शिवाय पाठवलेली चाल मागे घेता येत नाही. आठ वाजून सत्तावन्न मिनिटांनी जे गेलं ते गेलं, प्रत्येकाकडे त्याची वेळेसकट प्रत आहे, आणि "मी असं म्हणालोच नव्हतो" हा वाद आमच्याकडे होत नाही.

लिस्टचे आणखी दोन गुण फारसे कोणी बोलून दाखवत नाही. मेल एकदा उतरला की इंटरनेट नसतानाही वाचता येतो. आणि दृष्टिहीन खेळाडूंना साध्या मजकुराचा मेल स्क्रीन रीडरवर सरळ ऐकता येतो. फोरमच्या पानावर मात्र प्रत्येक प्रतिसादाआधी अवतार, हुद्दा, सही, बटणं असं सगळं ऐकत बसावं लागतं. तुमच्यात ऑडिओ गेम, म्हणजे नुसत्या आवाजावर चालणारे गेम खेळणारे असतील तर फोरमचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यांना ते वापरून बघायला सांगा.

पण ग्रुप एकाच डावापुरता नसेल, एखाद्या मोठ्या गेमभोवती जमलेला असेल, तर माझं मत फोरमच्या बाजूने आहे. त्याचं मुख्य कारण पोस्ट संपादित करता येते, हे आहे. गेमबद्दलची माहिती नासते. आज लिहिलेली बिल्ड, म्हणजे पात्राची कौशल्यं-शस्त्रं यांची जुळणी, गेमच्या पुढच्या पॅचमध्ये (अपडेटमध्ये) निकामी होते, शत्रूची ताकद बदलते, कोड्याचा जुना शॉर्टकट बंद होतो. मेलमध्ये लिहिलेली चुकीची गोष्ट कायम चुकीचीच राहते आणि वाचायला पहिल्याइतकीच खात्रीशीर वाटते. दुरुस्तीचा मेल वेगळा जातो, आणि शोधणाऱ्याच्या हाती दोनपैकी कोणता लागेल हे नशिबावर. फोरमवर धागाकर्ता पहिली पोस्टच बदलतो. आमच्या त्या पहिल्या, मोठ्या ग्रुपने फोरम काढला तेव्हा पहिला धागा त्या कॅश फोल्डरच्या उत्तराचाच टाकला. आज त्याच्या माथ्यावर पॅचचा नंबर आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते, मूळ उत्तरातली एक पायरी आता लागत नाही म्हणून तिच्यावर रेघ मारलेली आहे, आणि खाली प्रतिसादांत "माझं यानेही चाललं नाही" म्हणणाऱ्यांच्या अडचणी एकेक करून सुटलेल्या दिसतात. हे पान दिवसेंदिवस जास्त कामाचं होत जातं. लिस्टवर असं पान तयारच होऊ शकत नाही.

अनोळखी माणूस वाटेवर भेटतो तोही फोरमवरच. माइनक्राफ्टची सुरुवातीची आवृत्ती मे २००९मध्ये टिगसोर्स या स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांच्या फोरमवर एका धाग्यात लोकांसमोर आली, आणि खेळून बघणाऱ्यांनी तिथेच खाली आपले प्रतिसाद आणि बांधकामाचे स्क्रीनशॉट टाकले. सदस्य नसलेल्यालाही तो धागा उघडून वाचता येत होता. लिस्टवर असा प्रसंग सदस्यांच्या इनबॉक्समध्येच राहिला असता. लिस्टलाही वेबवर जुन्या मेलचा उघडा संग्रह जोडता येतो हे खरं, पण त्यातून धागा पकडत वाचणं म्हणजे एकमेकांची पत्रं उलट्या क्रमाने चाळण्यासारखं आहे. प्रत्येक मेलच्या पोटात आधीचा अख्खा मेल चिकटलेला असतो.

कथाप्रधान गेम असेल तर स्पॉयलरचा विचार आधी करा. मेलची पहिली ओळ फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही उमटते. शेवटी कोण मरतं हे एकाने उत्साहाने पहिल्याच ओळीत लिहिलं की तीस जणांचा शेवट गेला, आणि तो परत आणता येत नाही. फोरमवर मजकूर स्पॉयलरच्या पडद्याआड टाकता येतो, शीर्षकात इशारा देता येतो, आणि एखाद्याने चुकून उघडं लिहिलं तर मॉडरेटर दोन मिनिटांत झाकतो.

नावाचा प्रश्नही गेमर्सना जिव्हाळ्याचा. फोरमवर तुम्ही तुमच्या आयडीने वावरता. लिस्टवर तुमच्या मेलसोबत पत्ता जातो, आणि बहुतेकांच्या पत्त्याला खरं नाव, कधी कधी नोकरीच्या ठिकाणाची सहीदेखील चिकटलेली असते. जुलै २०१०मध्ये ब्लिझार्ड या गेम कंपनीने आपल्या अधिकृत फोरमवर लिहिणाऱ्यांची खरी नावं दाखवायचं जाहीर केलं होतं. खेळाडू इतके संतापले की काही दिवसांतच कंपनीने तो बेत सोडला. खेळात हरलेला एखादा माणूस खऱ्या नावावरून कुठपर्यंत पोचू शकतो, याची भीती, विशेषतः मुलींना, खरीखुरी असते. लिस्टच घ्यायची ठरली तर ग्रुपसाठी वेगळा मेल पत्ता काढायला पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगून उपयोग नाही, तोवर सगळ्यांकडे सगळ्यांचे पत्ते गेलेले असतात.

भांडणांचंही तसंच. रात्री एकला रागात पाठवलेला मेल एकला एक मिनिटाने सगळ्यांकडे असतो. लिस्टच्या व्यवस्थापकाला नव्या सदस्याचे मेल तपासून मग सोडण्याची सोय असते, पण जुन्याजाणत्यांचे मेल कोणी अडवत नाही आणि मोठी भांडणं तेच करतात. फोरमवर धाग्याला कुलूप लावता येतं, पोस्ट लपवता येते, विषयाला सोडून चाललेले प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवता येतात. त्या बदल्यात फोरमला डुआयडी (एकाच माणसाचे दुसऱ्या नावाचे आयडी) आणि जाहिराती चिकटवणाऱ्या बॉटचा त्रास कायमचा. नोंदणी मोकळी सोडली तर महिन्याभरात खेळाडूंपेक्षा बॉट जास्त होतात. नोंदणीच्या वेळी गेममधलाच एखादा प्रश्न विचारा, खेळणाऱ्याला लगेच येईल असा. आमच्याकडे एवढ्यानेच बराच उपद्रव थांबला.

आता देखभाल. इथे फोरमची बाजू लंगडी आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरचे अपडेट, डोमेनचं नूतनीकरण, बॅकअप हे सगळं कोणीतरी एकजण करत असतो, आणि त्याचं लक्ष उडालं की फोरमही उडतो. विझार्ड्स ऑफ द कोस्टसारख्या मोठ्या गेम कंपनीनेही २०१५मध्ये आपले चर्चाफोरम बंद केले. चित्रांचं तर आणखी नाजूक. २०१७मध्ये फोटोबकेट या फोटो ठेवण्याच्या साइटने दुसऱ्या साइटवर चित्र दाखवण्याची फुकट सोय काढून घेतली आणि असंख्य फोरमवरचे नकाशे, बांधकामाच्या पायऱ्या, स्क्रीनशॉट एका फटक्यात गायब झाले. म्हणून चित्रं आपल्याच सर्व्हरवर चढवायला लावा, जागा थोडी जास्त लागली तरी चालेल.

लिस्ट मात्र बिनदेखभालीची असते ही समजूत जुनी झाली. एप्रिल २०१४मध्ये याहूने आपल्या पत्त्यांबाबत कडक धोरण लावलं: पत्ता याहूचा पण मेल याहूच्या सर्व्हरवरून निघालेला नाही, तर तो नाकारा. लिस्ट नेमकं तेच करते, सदस्याच्या नावाचा मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे ढकलते. कित्येक लिस्टवर मेल परत येऊ लागले आणि बिचारे सदस्य आपोआप वगळले गेले. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम आणखी आवळले आहेत. घरच्या सर्व्हरवर लिस्ट चालवायचा विचार असेल तर सोडा. तयार सेवा घ्या. पण तीही कायमची धरू नका. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०मध्ये बंद झाले, आणि त्याआधीच तिथले जुने संदेश, फाइली, फोटो पुसले गेले होते. तेव्हा ज्या ग्रुपचे सदस्य आपले मेल जपून ठेवणारे होते, त्यांचा इतिहास मात्र वाचला. प्रत्येकाकडे प्रत असणं हा लिस्टचा फार मोठा आधार आहे. फोरमचा सगळा जीव एका डेटाबेसमध्ये असतो.

"मग डिस्कॉर्डच घेऊ की," असं कोणीतरी म्हणणारच. खेळताना बोलायला ते चॅट अॅप उत्तम आहे, घ्याच. पण तिथलं बोलणं सर्च इंजिनला सापडत नाही आणि चार दिवसांत वर वाहून जातं. दोन पानी उत्तर तिथे टाकलं तर त्याची गत आमच्या लिस्टवरच्या उत्तरापेक्षा वाईट होईल.

थोडक्यात माझा सल्ला असा: पंधरा-वीस ठरलेली माणसं, संथ खेळ, मुदतीवर चालणाऱ्या चाली असतील तर लिस्ट घ्या आणि मागे वळून पाहू नका. नवे खेळाडू येत राहावेत, गाइड आणि मॉड जमावेत असं वाटत असेल तर फोरम. मधला मार्गही आहे. २०१३मध्ये आलेल्या डिस्कोर्स या फोरम-सॉफ्टवेअरवर प्रत्येक नवी पोस्ट मेलने मागवता येते आणि मेलला उत्तर दिलं की ते धाग्यात प्रतिसाद म्हणून उमटतं. आमच्या फोरमवरचे जुने लिस्टवाले आजही असेच वाचतात, त्यांनी साइट क्वचितच उघडली असेल.

फोरम काढलात तर विभाग तीनच ठेवा: अडचणी, गाइड, गप्पा. वीस विभाग आणि प्रत्येकात शून्य धागे बघून आलेला माणूस परत जातो. कोणाला बोलावण्याआधी दहा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः लिहून टाका.

आणि लिस्टवरून फोरमवर जात असाल तर जुने सगळे मेल उचलून तिथे ओतू नका. लोकांनी ते खऱ्या नावानिशी, आपल्या ओळखीच्या चाळीस जणांसाठी लिहिले होते, जगासाठी नव्हे. आम्ही प्रत्येकाला विचारलं, दोघांनी नको म्हटलं, त्यांचे मेल वगळले. बाकीच्यांच्या मेलमधली कामाची उत्तरं निवडून, सह्या आणि पत्ते काढून, ज्याच्या त्याच्या आयडीखाली टाकली. त्याला तीन शनिवार लागले.