जुनी एलपी की नवी आवृत्ती?

भाच्याने परवा विचारलं, "मामा, 'शोले'ची १९७५ ची पॉलिडॉर कंपनीची एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, शोधू, की जुन्या गाण्यांच्या नव्याने निघणाऱ्या तबकड्या घेऊ?"

आधी आवाज. जुन्या तबकडीच्या खाचा टेपवरून कापलेल्या, म्हणून चांगली सापडली तर आवाज भरदार, उबदार. पण चांगली सापडायला हवी! मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर मी प्रत्येक तबकडी उजेडात तिरकी धरून बघतो. नखाला लागेल असा ओरखडा असेल, तर तिथे सुई उडू शकते. नवी स्वच्छ वाजते, खरखर जवळपास नाही. मात्र बऱ्याच नव्या तबकड्या डिजिटल मास्टरवरून, म्हणजे संगणकीय मूळ प्रतीवरून, कापतात; तबकडी १८० ग्रॅमची जाडजूड असली तरी त्यात फरक पडत नाही.

मेहनत जुनीलाच जास्त: डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, नवं आतलं पाकीट. किंमत नवीची ठरलेली, जुनीची घासाघिशीवर.

रोज ऐकायचं असेल, प्लेअर नुकताच घेतला असेल, तर नवीच घे. शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडीच्या साच्याची ओळखखूण, वाचताना ज्याचं काळीज धडधडतं, त्याने मात्र जुनीच शोधावी.