हिवाळ्यातल्या पहाटेच्या सायकल राइडसाठी दिवा हेल्मेटवर लावावा की हँडलवर?

जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून पाच-दहा मिनिटांनी उगवतो. सिंहगडाच्या पायथ्याशी उजाडताना पोचायचं तर शहरातून साडेपाचच्या सुमारास निघावं लागतं, म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता अंधारातच. दर हिवाळ्यात आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी नवीन येतं आणि विचारतं, "ताई, एकच दिवा घेणार आहे. हेल्मेटवर लावू की हँडलवर?"

एकच घेणार असाल तर हँडलवर. दुसरा घ्यायची ऐपत झाली की तो मात्र हेल्मेटवरच. क्रम का बदलू नये, हे मी एका सकाळी गुडघा सोलून घेऊन शिकले.

त्या वर्षी माझ्याकडे ट्रेकिंगचा चांगला हेडटॉर्च होता. तोच हेल्मेटवर ताणून बसवला आणि हँडलला काहीच लावलं नाही. मान वळेल तिकडे उजेड पडत होता, समोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसत होता. खडकवासल्याच्या पुढे एका ठिकाणी डांबराचा थर उखडून चार बोटं खोल खळगा झाला होता. मी थेट त्याच्याकडे बघत होते, उजेडही त्याच्यावरच होता, तरी तो मला दिसला नाही. चाक आत गेलं तेव्हाच कळलं.

दोष टॉर्चचा नव्हता, त्याच्या जागेचा होता. खड्डा आपल्याला खरं तर त्याच्या सावलीवरून कळतो. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असला की सावली खड्ड्याच्या काठामागे पडते आणि आपल्याला दिसतच नाही. सगळा रस्ता सपाट भासतो. हँडलवरचा दिवा डोळ्यांपेक्षा हात-दीड हात खाली असतो. त्याचा उजेड रस्त्यावर तिरपा येतो आणि प्रत्येक खळग्याची, प्रत्येक खडीची काळी सावली आपल्या नजरेसमोर पडते. दिवा जितका खाली तितकी सावली लांब.

विश्वास बसत नसेल तर आज रात्री पार्किंगमधला दिवा बंद करून दहा पावलांवर अर्धी वीट ठेवा. मोबाइलचा टॉर्च आधी कपाळाशी धरून बघा, मग कमरेशी. मी नव्या माणसाला हेच करायला सांगते. पुढचा वाद आपोआप मिटतो.

मग हेल्मेटवर दिवा हवाच कशाला?

कारण हँडलवरचा दिवा फक्त सायकलच्या नाकासमोर बघतो. सिंहगडाच्या घाटात उतरताना वळण आलं की हँडलवरचा झोत सरळ कठड्यावर, नाहीतर थेट दरीत जातो. चाक अजून वळलेलं नसतं, नजर मात्र वळणाच्या पोटात गेलेली असते आणि तिथे काळोख असतो. अशा वेळी डोक्यावरचा दिवा नजरेबरोबर वळतो. वळणावर सांडलेली वाळू, आडवं बसलेलं कुत्रं, अंगावर काळी शाल घेऊन कडेने चाललेला माणूस, हे सगळं दोन-तीन सेकंद आधी दिसतं. उतारावर तेवढा वेळ फार मोठा असतो.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. सातारा, कोल्हापूर, बारामती, कुठेही पहाटे जा, कारखान्याकडे निघालेल्या डबल ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा असेलच असं नाही. बाहेर आलेले उसाचे शेंडे आणि धुळीने माखलेली रेडियमची पट्टी, एवढंच काय ते असतं. रेडियमचा गुण असा, की उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेने तो परत पाठवतो. दिवा डोळ्यांच्या वर जेमतेम वीतभर असला, तर परतलेला उजेड बहुतेक सगळा आपल्या डोळ्यांत येतो. हँडलवरून गेलेला उजेड हँडलकडेच परततो आणि डोळ्यांपर्यंत त्यातला थोडाच पोचतो. म्हणून पट्ट्या, फलक, रस्त्यात बसवलेले चमकणारे कॅट आय, गुरांचे डोळे, हे सगळं हेल्मेटच्या दिव्यात जास्त झळाळतं. ज्याच्यामुळे खड्डा दिसत नाही, त्याच कारणाने ट्रॉली दिसते. दोन्ही दिव्यांची कामं निरनिराळी आहेत, ती अशी.

तिसरं काम पंक्चरचं. एका ३०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, खेड शिवापूरच्या अलीकडे पहाटे माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलणं सोपं होतं, पण कारण सापडेना. टायर आतून उलटा करून बोट फिरवत होते आणि मान वाकवली की उजेड बरोबर बोटाच्या टोकावर पडत होता. दोन फेऱ्यांनंतर केसाएवढं काहीतरी चमकलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली पोलादी तार होती, आतल्या बाजूला मिलिमीटरभरच बाहेर आलेली. नखात धरून ओढली तेव्हा बोटाच्या पेराएवढी निघाली. मोबाइल तोंडात धरून हे काम झालं नसतं आणि दुसरी ट्यूबही तिथेच गेली असती.

धुकं आणि स्वतःचा श्वास

धरणाच्या काठाने किंवा नदीच्या खोऱ्यात दाट धुकं लागलं, तर हेल्मेटचा दिवा बंद करा. डोळ्यांजवळून निघालेला उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांतच परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हँडलवरचा दिवा मंद करून खाली झुकवला की निदान पुढचे दहा-पंधरा फूट तरी कळतात. गारठा असेल तर चढावर आणखी एक गोष्ट होते. धापा टाकताना तोंडातून निघालेली वाफ झोतात येते आणि दर श्वासाला समोर ढग उमटतो. दिवा कपाळाच्या कडेऐवजी थोडा मागे, टाळूच्या बाजूला सरकवला की हे कमी होतं.

हेल्मेटवर बसवायचा कसा

चांगल्या हेल्मेटचं वजन अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. त्यावर दीडशे ग्रॅमचा दिवा चढवला की मानेला पहिल्या तासात काही वाटत नाही, तिसऱ्या तासात वाटतं. माझी मर्यादा शंभर-सव्वाशे ग्रॅमची आहे. त्याहून जड दिवा असेल तर बॅटरी वेगळी असलेला घ्या, बॅटरी जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा आणि वायर थोडी सैल सोडा. मधला जोड ओढला की सुटणारा हवा. पडलात तर वायरीने मान ओढली जाता कामा नये.

वेल्क्रोचा पट्टा हेल्मेटच्या फटींतून ओवून दिवा बांधणं हा मला सगळ्यात पटलेला मार्ग. तो निघतो, पुन्हा बसतो आणि जोराचा फटका बसला तर सरकतो किंवा सुटतो. हेच मला हवं असतं. डोक्यावर घट्ट बसवलेला कडक खुंट पडताना जमिनीत अडकू शकतो. चिकटवायचे माउंट पक्के बसतात, कॅमेऱ्यासाठी ते पुष्कळजण वापरतात, पण त्यांचं पक्केपण मला या जागी गुण वाटत नाही. शिवाय भलताच गोंद किंवा थिनर लागला तर वरचं प्लास्टिक आणि आतलं थर्माकोल दोन्ही कमजोर होऊ शकतं. हेल्मेटला भोक तर कधीच पाडू नका. फटी नसलेलं बंद हेल्मेट असेल, तर त्यावर दिवा लावायचा विचारच सोडा आणि हँडलवर दोन दिवे लावा.

ट्रेकिंगचा हेडटॉर्च इलॅस्टिकसकट हेल्मेटवर ताणणं सगळ्यात स्वस्त, कारण तो बहुतेकांच्या घरात असतोच. पण गुळगुळीत हेल्मेटवर तो हळूहळू वर सरकतो आणि अर्ध्या तासाने झाडांचे शेंडे उजळवू लागतो. दोन्ही बाजूंना फटींतून एकेक झिप टाय घालून इलॅस्टिक अडकवलं की तो जागचा हलत नाही.

दिवा कुठल्याही पद्धतीने बांधा, पण हनुवटीचा पट्टा लावून मान जोरात वर-खाली हलवून पाहा. हेल्मेट कपाळावरून भुवयांवर उतरत असेल तर दिवा फार पुढे आहे.

किती उजेड, किती वेळ

शहरात रस्त्यावर दिवे असतात, तिथे पुढच्या दिव्याचं काम आपण दिसणं एवढंच आहे. त्याला शंभर ल्यूमेन (दिव्याचा उजेड मोजायचं एकक) पुरतात. अंधाऱ्या सपाट रस्त्याला हँडलवर चारशेच्या आसपास हवेत, घाट उतरायचा तर आठशे. हेल्मेटवर दोनशे-तीनशे भरपूर झाले. त्याहून जास्त ठेवले तर समोरून येणाऱ्याशी बोलायला मान वळवली की त्याचे डोळे दिपतात. ग्रुपमध्ये तर हेल्मेटचा दिवा मंदच ठेवावा. मागे वळून "गाडी आली" म्हणताना मागच्याला आंधळं करण्यात काय अर्थ?

दुकानात किंवा ऑनलाइन "१०,००० ल्यूमेन" लिहिलेले हलके दिवे दिसतील. थोडा हिशेब करा. चांगला एलईडी एका वॅटला साधारण शंभर ल्यूमेन देतो. अशा दिव्यांत असतो तो १८६५० नावाचा रिचार्जेबल सेल; बोटाएवढ्या एका सेलमध्ये दहा-अकरा वॅट-तास वीज मावते. चारशे ल्यूमेनला चार वॅट लागतात, म्हणजे तो सेल अडीच तास चालेल. दहा हजार ल्यूमेन खरेच असते तर तोच सेल सहा-सात मिनिटांत संपला असता. खोक्यावर किती तास चालतो हे लिहिलेलं असतं, ते वाचून आधी हा भागाकार करा.

मागचा लाल दिवा

इथे मला फारसा विचार करावा लागत नाही. मुख्य लाल दिवा सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, स्थिर जागी. हेल्मेटवरचा लाल दिवा उंच असतो, गाड्यांच्या गर्दीत रिक्षावाल्याला लवकर दिसतो आणि सीटखालची पिशवी किंवा लांब जॅकेट त्याला झाकू शकत नाही. पण तो मानेबरोबर हलतो. खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर वाकून मान खाली घातली की तो आकाशाकडे बघतो. सरळ बसून सायकल चालवणाऱ्या, ऑफिसला किंवा क्लासला जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग जास्त. आता काही हेल्मेटांना मागे असा दिवा बसवूनच येतो. हेल्मेट बदलायचंच असेल तर तसं घ्या, पण त्या भरवशावर सीटपोस्टचा दिवा काढू नका.

बीआरएम करणाऱ्यांना तर पर्यायच नाही. पुढचा आणि मागचा दिवा सायकलला घट्ट बसवलेला असावा असा नियम आहे, हेल्मेटवरचा त्यात मोजत नाहीत. ३०० किलोमीटरला २० तास मिळतात आणि डिसेंबरात पुण्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, तेव्हा मुदतीच्या शेवटी पोचणाऱ्याला नऊ तास अंधारात काढावे लागतात. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिथे डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ती रोज अंधारातच ऑफिसातून घरी येते. तिकडच्या कायद्यातही पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सायकलवर हवा, डोक्यावरचा दिवा वरची भर. जर्मनीत असाल तर सायकलवरचा दिवा लुकलुकता ठेवायला मनाई आहे आणि तो तिथल्या मान्यतेचा असावा लागतो. इथून भेट म्हणून दिवा पाठवायचा असेल तर आधी ते विचारून घ्या.

रोज शहरातच फिरत असाल तर हँडलवर शंभर-दोनशे ल्यूमेन, सीटपोस्टवर लाल आणि हेल्मेटला मागे छोटा लाल, एवढं बास. हेल्मेटवर पुढचा दिवा नको. शनिवार-रविवारी गावाबाहेर सपाटीला जात असाल तर हँडलवर चारशेचा घ्या आणि घरातला हेडटॉर्च पंक्चरसाठी खिशात टाका. घाट उतरणार असाल किंवा उसाच्या पट्ट्यातून अंधारात जाणार असाल तर मात्र दोन्ही हवेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या बॅटरीचे. हँडलचा दिवा मध्येच विझला तर डोक्यावरच्या उजेडात, सायकल हातात धरून, पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत जाता येतं.