मिस, मिसेस की मिझ?

इंग्लंडात बँकेत खातं उघडा नाहीतर दातांच्या डॉक्टरची वेळ घ्या, फॉर्मवर नावाच्या आधी एक रकाना असतोच. पुरुष 'मिस्टर' निवडून मोकळा होतो. बाईपुढे मात्र तीन पर्याय.

मिस आणि मिसेस दोन्ही 'मिस्ट्रेस'चीच रूपं. अठराव्या शतकात मिसेस म्हणजे घरची किंवा दुकानाची मालकीण, मग लग्न झालेलं असो वा नसो. लग्नाचा शिक्का त्यावर नंतर बसला. आजची मिसेस आपल्या 'सौ.'जवळची, पण नवरा गेल्यावर बदलत नाही. सौ. पुसून श्रीमती करायचा प्रकार तिकडे नाही. तेव्हा आईचा फॉर्म भरताना उगाच अडखळू नका.

खरी अडचण लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवणारीची. मिसेसपुढे नवऱ्याचं आडनाव अपेक्षित असतं आणि मिस तर ती उरलेलीच नाही. 1984 साली अमेरिकेत उपाध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या जेराल्डिन फेरारो यांचं हेच झालं. नवरा झकारो, त्या फेरारो. तरी न्यूयॉर्क टाइम्स त्यांना 'मिसेस फेरारो' लिहायचा. लग्न झालंय की नाही हे न सांगणारं 'मिझ' (लिहिताना एम-एस) त्या पेपरने स्वीकारलं 1986 मध्ये. खरं तर मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्राने ते 1901 मध्येच सुचवलं होतं!

म्हणून माहेरचं आडनाव असेल, घटस्फोट झाला असेल किंवा लग्नाची चौकशी कुणी करू नये असं वाटत असेल, तर सरळ मिझ. नवऱ्याचं आडनाव आवडीने लावत असाल तर मिसेसमध्ये काहीच कमीपणा नाही. मिस मी लहान मुलींसाठीच ठेवीन. शाळेतली इंग्रज पोरं मात्र बाईंना सरसकट 'मिस'च म्हणतात, बाईंना नातवंडं असली तरी.

पीएचडी असेल तर 'डॉक्टर' लावा, प्रश्नच मिटला. फक्त ब्रिटनमधले सर्जन उलटे: डॉक्टर होऊन पुन्हा मिस्टर किंवा मिस होतात. न्हावीच शस्त्रक्रिया करत त्या काळाची ही खूण. तेव्हा दारावर 'मिस' दिसली म्हणून शिकाऊ समजू नका.

दुसऱ्या बाईला पत्र लिहिताना तिने स्वतः सही कशी केली आहे ते बघा. कळलं नाही तर मिझ. आणि प्राध्यापकांना 'सर स्मिथ' लिहू नका. नावाआधीचं सर म्हणजे राजाने दिलेला किताब, आणि तोही पहिल्या नावालाच लागतो.