प्रोजेक्टरचे नऊ महिने: भिंतीवर काय चाललं, काय नाही

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण विकत घेताना डोक्यातच आली नाही. तो फक्त उजेड टाकतो. चित्रात जिथे काळं हवं तिथे तो गप्प बसतो, आणि मग भिंतीचा जो असेल तो रंग दिसतो. आमची भिंत फिकट पिवळी, खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा, त्यामुळे आमच्या घरी सिनेमातली रात्र कायम पिवळट राखाडी. दसऱ्याला आणलेल्या यंत्राबद्दल आषाढात लिहायला बसले आहे. कुठला सिनेमा बघा आणि कुठला नको असं पुढे जे सांगेन, त्यातलं निम्मं तरी या काळ्यावरूनच ठरलेलं आहे.

घर बडोद्याला, दांडिया बाजारात. जाड भिंती, उंच छत, गल्लीकडे दोन खिडक्या. माणसं पाच: एक्याऐंशी वर्षांचे सासरे, सासूबाई, नवरा, नववीतला मुलगा आणि मी. शनिवारी रात्री बाजूच्या मासी स्वतःची खुर्ची आणि लीला चिवड्याचा, म्हणजे इथल्या ओलसर बटाट्याच्या चिवड्याचा, डबा घेऊन येतात, म्हणजे सहा.

यंत्र साडेतेरा हजारांचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे एकाच माळेचे मणी असावेत असा मला दाट संशय आहे. खोक्यावर ठसठशीत अक्षरात ९००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), आणि आतल्या पुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरात ३०० अ‍ॅन्सी लुमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीनं मोजलेले. खरा आकडा हा दुसरा. तसंच ‘४के सपोर्ट’चं. यंत्र ४के फाइल वाचतं, पण भिंतीवर टाकतं १०८० रेषांचंच चित्र. आमच्यासारख्यांना तेवढं पुष्कळ आहे, फक्त पैसे मोजताना माहीत असावं. शिवाय आतली ॲप रडतखडत चालायची आणि चित्र धुरकट दिसायचं, म्हणून टीव्हीला लावतात तशी सिनेमे चालवणारी वेगळी स्टिक लावावी लागली. तो खर्च धरूनच हिशेब करा.

भिंतीपासून सव्वादोन मीटरवर ठेवलं की साधारण ८० इंचांचं चित्र मिळतं. पहिल्या आठवड्यात हौसेनं १०० इंच करून पाहिलं. चित्र मोठं झालं आणि फिकं पडलं. क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं, उजेड तेवढाच राहतो. पातळ वरणात आणखी तांब्याभर पाणी, सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी परत ८० वर आलो. तिरपं ठेवलं तर यंत्र आपोआप चौकट सरळ करतं खरं, पण अक्षरं कडांना फुटतात. म्हणून ते आता फडताळावर, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर, बरोबर समोरासमोर बसवलंय. चार अंक कमी केले की चित्र मासींच्या डोक्यावर येतं.

आता सिनेमांकडे.

पुण्याचे धाकटे दीर आमचे शिफारसकार. फोनवर रोज एक नाव येतं, पुढे तीन उद्गारचिन्हं. दिवाळीत त्यांनी ‘तुंबाड’ बघाच म्हणून धोशा लावला. २०१८ चा सिनेमा, राही अनिल बर्वे यांचा. कंदिलाच्या उजेडात, पावसात, जमिनीखाली घडणारा. दिरांच्या घरी काळोख खरोखर काळा दाखवणारा भारी टीव्ही आहे, तिथे तो अंगावर येत असणार यात शंका नाही. आमच्या पिवळ्या भिंतीवर सव्वा तास राखाडी चिखल हलत होता आणि त्यातून माणसांचे आवाज येत होते. मुलगा अधूनमधून “आता काय झालं?” विचारत होता, सासरे निघून गेले. सिनेमा वाईट ठरला नाही, आमची खोली नापास झाली. मी दिरांना फोन करून विचारलं, तुम्ही कशावर बघितलात, किती वाजता, कोणाबरोबर? त्यांना प्रश्नच कळला नाही. मला मात्र तेव्हापासून या तीन उत्तरांशिवाय आलेलं नाव नुसतं नाव वाटतं.

मार्गशीर्षात अठ्ठावीसशेचा पांढरा गुंडाळता पडदा आणला, त्याला भोवती काळी किनार आहे, आणि खिडक्यांना जाड पडदे शिवून घेतले. प्रोजेक्टरपेक्षा जास्त फरक या दोन गोष्टींनी पडला. दुकानदार शेवटी सांगतात ते आधी करा. तरीही ‘तुंबाड’ पुन्हा लावायचा धीर झालेला नाही.

सगळ्यात सुंदर काय दिसलं म्हणाल, तर जुना कृष्णधवल. मला हे अपेक्षित नव्हतं. ‘संत तुकाराम’ सासूबाईंनी मागितला म्हणून लावला, मनात म्हटलं तासाभरात झोपतील. १९३६ चा प्रभातचा सिनेमा, दामले आणि फत्तेलाल यांचा, दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. बरीचशी दृश्यं उघड्यावरची, लख्ख दिवसाची. पडद्याला काळ्यापेक्षा पांढरंच जास्त लागतं, आणि पांढरं टाकणं एवढंच तर आमच्या यंत्राला जमतं. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा भिंतीएवढा झाला तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. मी मात्र बघत होते ती गौरी यांनी केलेली तुकारामाची बायको. म्हैस, पोरं, रिकामं कणगं आणि देवाच्या नादी लागलेला नवरा, हे सगळं तोंडानं फटकारत सांभाळणारी. भक्तिपट म्हणून कंटाळा करणाऱ्यांना मी हा तिच्यासाठी बघायला सांगते. चित्र जवळजवळ चौकोनी असतं, दोन्ही बाजूंना पट्टे राहतात. ते ताणून पूर्ण पडदा भरायचा मोह आवरा; आमच्या नवऱ्यानं एकदा ताणला आणि तुकोबा पैलवान झाले. प्रत मात्र शोधून घ्यावी लागते. फुकट मिळणाऱ्या काही प्रतींत आवाज कढईतल्या फोडणीसारखा तडतडतो.

त्याच न्यायानं ‘सिंहासन’ उत्तम दिसला. १९७९, जब्बार पटेल, तेंडुलकरांची पटकथा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून. सासऱ्यांनी तो पूर्वी पाहिलेला, पण मोठ्या पडद्यावर निळू फुल्यांचा पत्रकार बघताना ते पाऊण तास एक शब्द बोलले नाहीत, आणि मग अख्खा आठवडा बोलले. मुलाला पात्रं ओळखायला त्रास झाला. नववीतल्या पोराला हा एकट्याला लावून देऊ नका, शेजारी एखादे आजोबा हवेत.

मासींची पाळी आली तेव्हा त्यांनी ‘मंथन’ सांगितला. “आ तो आपणा आणंदनी वात छे!” आणंद इथून चाळीसेक किलोमीटर. १९७६ चा श्याम बेनेगलांचा सिनेमा, दूध उत्पादकांच्या सहकारी चळवळीवरचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला, हे मला माहीत होतं. मासींच्या बोलण्यात ते असं आलं की जणू त्यातले दोन त्यांच्या सासरचेच होते. डागडुजी केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. जुन्या, विटलेल्या प्रतीवर समाधान मानू नका, मिळाली तर तीच बघा. स्मिता पाटील पहिल्यांदा समोर आल्यावर आमच्याकडे पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येईना. आणि पंख्याचा आवाज ही आमच्या यंत्राची मोठी खोड आहे, तिच्याकडे येतेच.

‘कोर्ट’बद्दल घरात अजून भांडण चालू आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१४ चा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं येतात, बोलतात, जातात. नवरा म्हणतो काही घडतच नाही. मी म्हणते घडतंय तेच तर. गंमत म्हणजे बडोद्याच्या मराठी माणसाला यात एक जादा मजा आहे. बचावाचा वकील गुजराती घरातला, सरकारी वकील मराठी घरातली, आणि दोघांच्या घरची जेवणाची टेबलं आपल्याला ओळखीची. गीतांजली कुलकर्णी कोर्टातून घरी येऊन स्वयंपाकाला लागतात ते दृश्य मी पदर खोचून बघितलं, अक्षरशः, कारण मीही तेव्हाच ओट्यावरून आले होते. हा सिनेमा रात्री दहाला लावू नका. रविवारी दुपारी, पडदे ओढून, झोप झालेली असताना.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मात्र सगळ्यांना, केव्हाही. परेश मोकाशी, २००९, दादासाहेब फाळक्यांनी पहिला सिनेमा कसा काढला त्याची गोष्ट. फाळके आमच्या इथल्या कलाभवनात शिकलेले, जे सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं आणि घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुलगा तिथून रोज सायकलवरून जातो, त्याला काही नव्हतं. सिनेमा बघून दुसऱ्या दिवशी थांबून इमारत बघून आला. एवढं मला पुरलं.

आणि एक माझी चूक. जानेवारीत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा उघडल्यावर आठवड्याभरानं काहीतरी शांत लावावं म्हणून मी ‘श्वास’ लावला. मनात फक्त कोकण आणि आजोबा-नातू एवढंच राहिलं होतं. ज्या मुलाची दृष्टी जाणार आहे त्याची ती गोष्ट, हे विसरायचं म्हणजे कमाल झाली. वीस मिनिटांत नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी रिमोट शोधायला लागले. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे गं, बघू दे, आता दिसतंय तर.” पूर्ण बघितला. अरुण नलावड्यांसाठी बघावाच असा आहे. पण कधी, हे मात्र मला विचारू नका.

त्याच जानेवारीत गच्चीवरचा प्रयोगही झाला. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, पाहुणे होते म्हणून दोन बांबूंना चादर बांधली. पतंगाला चांगला असलेला वारा चादरीला किती वाईट असतो हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. नायकाचं नाक शिडासारखं फुगत होतं, शेजारच्या गच्चीवर फटाके, आणि साडेआठला चादरीत मांजा अडकला. उंधियु मात्र छान झाला होता.

उन्हाळ्यात यंत्राची खरी परीक्षा. आत गार करायला पंखा असतो, खोली तापली की तो बेभान फिरतो. मे महिन्यात संवादाच्या मागे सतत पिठाची गिरणी. आतला स्पीकर तर आधीच पत्र्याचा. ब्लूटूथनं बाहेरचा जोडला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. अर्धा सेकंदसुद्धा नसेल, पण एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही. शेवटी तीस रुपयांची वायर आणून जुन्या म्युझिक सिस्टिमला लावली आणि प्रश्न मिटला. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, ते खालची अक्षरं वाचतात. मराठी सिनेमाला बहुतेकदा इंग्रजीच अक्षरं असतात, त्यामुळे मराठी संवादाचं इंग्रजी भाषांतर कसं चुकलंय यावर जोडीला एक समालोचन चालू असतं. लग्नसराईत गल्लीतून वरघोडा निघाला की तेवढी पंधरा मिनिटं सिनेमा थांबवून सगळे खिडकीत.

पाचव्या महिन्यात चित्रात वर डावीकडे एक करडा ठिपका आला. भिंगाच्या आत धूळ. कंपनीला कळवलं तर स्वखर्चानं पाठवा आणि वाट बघा असं उत्तर. ओळखीच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्यानं उघडून, फुंकून दोनशे रुपयांत साफ करून दिलं, वॉरंटी अर्थात गेली. आता पावसाळ्यात न वापरताना कापडी पिशवीत ठेवते. घेताना आतला भाग धुळीपासून बंद आहे का, हे लुमेनच्या आधी विचारा.

पुन्हा घेईन का? टीव्ही नसता तर नाही. बातम्या, क्रिकेट, दिवसाउजेडी काहीही, यांना हे निरुपयोगी आहे. शनिवारच्या रात्रीसाठी, सहा माणसांसाठी, घेईन.

नावं ठरवायची आमची पद्धतही आता बसली आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर शनिवारच्या चौकटीत ज्याची पाळी त्यानं नाव लिहायचं, सोबत किती वेळाचा आणि रात्रीची दृश्यं जास्त आहेत का तेवढं. ज्यानं सुचवला त्यानं शेवटपर्यंत बसायचं, फोन पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सासरे तिथेच पेन्सिलीनं शेरा मारतात. ‘ठीक’, ‘लांबवला’, ‘पुन्हा’. ‘पुन्हा’ आजवर तीनदाच आलंय.

भाद्रपदात पडदा काढावा लागेल, कारण गणपती त्याच भिंतीशी बसतात. दहा दिवस सिनेमा बंद. दीर पुण्याहून तेव्हाच येणार आहेत, आणि यादी तयार आहे असं आत्ताच कळवलंय. मासींनी त्यांना फोनवर विचारलं, यादीत काळोख किती आहे.