ग्लासातले पाणी नितळ झाले आणि आम्ही गोळ्या बंद केल्या

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका मंगल कार्यालयात मोफत हृदयतपासणी शिबिर भरले होते. माझे थोरले बंधू तेव्हा 67 वर्षांचे होते आणि रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची गोळी बरीच वर्षे नियमित घेत होते. त्यांना तिथे मीच घेऊन गेलो.

व्याख्यात्याने पाण्यात आयोडीनचे थेंब टाकून ते तांबूस केले, "ही तुमची रक्तवाहिनी" असे सांगितले आणि आपली ई व क जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व होते तो घटक) असलेली गोळी कुटून त्यात टाकताच पाणी नितळ झाले. मी शाळेत 31 वर्षे विज्ञान शिकवले आहे. क जीवनसत्त्वामुळे आयोडीनचे आयोडाइड होते आणि रंग जातो, लिंबाच्या रसानेही जातो; आपल्या नागपुरी संत्र्याचा रस घेऊन हाच प्रयोग मी मुलांकडून करवून घेत असे. तरीही त्या सभागृहात, शेजारी बसलेल्या दादांच्या चेहऱ्यावर आशा दिसत असताना, धमनीतला थर म्हणजे आयोडीन नव्हे हे मला बोलता आले नाही.

त्याच्या बोलण्यातला बराच भाग खरा होता, म्हणून ते पटत गेले. धमनीच्या भिंतीत शिरलेल्या एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून थर वाढतो, हे खरे आहे. भरपूर फळे-भाज्या खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळतो, हेही खरे आहे. त्यावरून हे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या ई व क जीवनसत्त्वांच्या आणि बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी हृदयविकार व लकवा टळेल, अशी आशा एके काळी मोठमोठ्या संशोधकांनाही होती. पुढे ती तपासून पाहिली गेली तेव्हा काय निघाले, तेवढेच त्याने वगळले.

तीन महिन्यांच्या डब्यांचे दोन संच आम्ही 28,800 रुपयांना घेतले. पावतीवर औषधाचा उल्लेख नव्हता, "सदस्यता शुल्क" असे लिहिले होते. आठवडाभराने त्याने दादांना फोन करून सांगितले की, आता रक्तवाहिन्या आतून साफ होत आहेत, तेव्हा "केमिकलच्या" गोळ्या हळूहळू सोडा. दादांनी दोन्ही गोळ्या एकदमच सोडल्या आणि मला ते ठाऊक असूनही मी अडवले नाही.

पाचव्या आठवड्यात एका पहाटे त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि शब्द जड येऊ लागले. धंतोलीतल्या रुग्णालयात पोचलो तेव्हा रक्तदाब 190/110 होता आणि स्कॅनमध्ये मेंदूतल्या एका लहान रक्तवाहिनीत अडथळा दिसला. केवळ गोळ्या सोडल्यामुळेच हे झाले असे ठामपणे सांगता येणार नाही, पण त्या सोडल्याने धोका नक्की वाढला, असे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले.

त्यानंतर मी जे वाचले, ते शिबिराला जाण्याआधी वाचायला हवे होते. ब्रिटनमध्ये हृदयविकार, धमन्यांचे इतर आजार किंवा मधुमेह असलेल्या 20,536 लोकांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षे रोज 600 मिलिग्रॅम ई, 250 मिलिग्रॅम क आणि 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले गेले आणि उरलेल्यांना दिखाऊ गोळी. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांत काहीही फरक पडला नाही. याच अभ्यासात, याच लोकांमध्ये, सिम्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळीही तपासली होती आणि तिने झटके व पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी केले. म्हणजे एकाच अभ्यासात जी निरुपयोगी ठरली ती वस्तू आम्हाला विकली गेली आणि जी उपयोगी ठरली त्याच वर्गातली दादांची गोळी सोडायला लावली गेली.

ई जीवनसत्त्वाबद्दलचे 2000 आणि 2005 सालचे मोठे अभ्यासही हृदयविकाराच्या झटक्यांपासून संरक्षण दाखवू शकले नाहीत. अमेरिकेतल्या 14,641 पुरुष डॉक्टरांवरच्या अभ्यासात, 2008 साली, ई घेणाऱ्यांत मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण उलट जास्त आढळले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढल्याचे 1994 सालीच स्पष्ट झाले होते. आमच्या रांगेत बिडी ओढणारे दोन वृद्ध बसले होते. त्यांच्याही हातात तेच डबे होते.

शिबिरातून डबे घेऊन आलेले कोणी हे वाचत असतील, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका; सोडली असेल तर आजच त्यांना गाठा. ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत घेत असाल, तर तेही त्यांना सांगा. पावती, डबे आणि फोनवरचे संदेश जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आमच्या डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत औषधी वापरासाठी नसल्याची सूचना छापलेली आहे, ती मला घरी आल्यावर भिंगातून दिसली. न उघडलेले चार डबे मी पुरावा म्हणून कपाटात ठेवले आहेत. दादांचे बोलणे आता स्पष्ट झाले आहे, पण सदऱ्याची वरची गुंडी अजून वहिनीच लावून देतात.