खोकं जुनं, टॅपेट नवं

खोकं उघडल्यावर आधी जुन्या ग्रीसचा वास आला. मेणकागदात गुंडाळलेली आठ टॅपेटं (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे इंजिनातले छोटे भाग), त्यांच्यावर तपकिरी चिकट थर, खोक्याचे कोपरे झिजलेले, छपाईचा रंग उडालेला. विक्रेता फोनवर म्हणाला होता, "साठच्या दशकातला कंपनीचा ओरिजिनल माल आहे. एक जुनं गोदाम रिकामं केलं, त्यात निघाला. असा परत मिळायचा नाही." दोन दिवस मी ते खोकं येईल-जाईल त्याला दाखवत होतो. टॅपेट मात्र एकदाही नीट पाहिलं नाही.

गाडी मॉरिस मायनर, 948 सीसीची. हे इंजिन मायनरमध्ये 1956 साली आलं आणि 1962 मध्ये त्याच्या जागी 1098 सीसीचं बसलं. याच जातीची इंजिनं ऑस्टिन, स्प्राइट, मिनी अशा कितीतरी गाड्यांत गेली, म्हणून त्यांचे भाग आजही नव्यानं बनतात. नव्यानं बनवलेल्या भागांवर माझा मुळीच राग नाही. माझ्याच गाडीचा वॉटर पंप आणि हेड गॅस्केट नव्यानं बनवलेले आहेत आणि झकास चालतात. "हा आत्ता बनवलेला माल आहे" असं त्यानं सांगितलं असतं, तर मी दहा प्रश्न विचारले असते. 'जुना' म्हटल्यावर माझं तोंडच बंद झालं.

टॅपेट म्हणजे दिसायला अगदी साधी वस्तू, बोटाच्या पेराएवढी लोखंडी वाटी. पण तिचा तळ कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी इंजिनात फिरणाऱ्या दांड्याच्या, उंचवट्यावर सतत घासत असतो, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या दोन पृष्ठभागांमधल्या बारीकशा पट्टीवर येतो. म्हणून तळ कडक हवा. शिवाय तो सपाट नसतो, किंचित फुगीर असतो. कॅमचा उंचवटाही किंचित तिरका घासलेला असतो. या दोन्हींमुळे टॅपेट चालता चालता स्वतःभोवती फिरतं आणि एकाच जागी झिजत नाही.

इंजिन तात्यांनी बांधलं. तात्या माझ्या वडिलांच्या वेळचे मिस्त्री, हात एकदम साफ. कॅम आणि टॅपेटच्या तळांना लावायची खास पेस्ट त्यांनी लावली, जस्त जास्त असलेलं तेल भरलं, आणि इंजिन सुरू होताच पहिली वीस मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास ठेवलं. यालाच रनिंग-इन म्हणतात. कॅमवर तेल पडतं ते मुख्यतः क्रँकच्या (पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) फटकाऱ्यानं उडून. नव्या कॅमला सुरुवातीलाच आयडलवर, म्हणजे मंद गतीवर, सोडलं तर ते पुरेसं पोचत नाही. हे सगळं एवढं सविस्तर सांगतोय, कारण पुढे खापर नेमकं यावरच फुटलं.

चारशे किलोमीटर झाले आणि टकटक सुरू झाली. तात्यांनी रॉकर कव्हर काढून गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) पाहिला. बसवताना बारा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण 0.30 मिलिमीटर ठेवला होता. एका व्हॉल्व्हला फट मोजायची वीस थाऊची पाती सहज आत गेली. नट सैल राहिला असेल म्हणून पुन्हा बारावर आणला. दोनशे किलोमीटरनं तोच व्हॉल्व्ह, तीच टकटक, आणि आता शेजारचाही. तात्या पाती पुसत म्हणाले, "स्क्रू जागचा हललेला नाही रे. आत लोखंड कमी होतंय."

या इंजिनाच्या बाजूला टॅपेटची झाकणं असतात, ते एक बरं. कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, रॉकर आणि पुशरॉड (टॅपेटचा जोर रॉकरपर्यंत नेणारे दांडे) काढले की टॅपेटं झाकणातून हातानं उचलता येतात, इंजिन उतरवावं लागत नाही. पहिलं बाहेर आलं त्याचा तळ बशीसारखा खोल गेला होता, आणि मधोमध खडबडीत खड्डे. आठांपैकी पाचांची हीच गत. तेल काढलं तर ते उन्हात चांदीच्या वर्खासारखं चमकत होतं. तो सगळा कीस बेअरिंगमधून फिरून आला होता.

मग तात्यांनी कानस घेतली. भंगाराच्या डब्यातलं माझंच जुनं, खरंखुरं टॅपेट उचललं आणि त्याच्या तळाच्या कडेवर कानस ओढली. काचेवर ओढावी तशी ती सर्रकन निसटली, ओरखडासुद्धा नाही. तीच कानस त्यांनी नव्या टॅपेटवर ओढली. खर्रर्र. बोटांवर कीस आला. मला त्या आवाजाची अजून चीड येते, कारण ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि ती मी इंजिन बांधण्याआधी करू शकलो असतो. दुसरी तर त्याहून सोपी: दोन टॅपेटांचे तळ एकमेकांना लावून उजेडासमोर धरायचे. फुगीर असतील तर कडेनं उजेडाची रेघ दिसते आणि ती एकमेकांवर डुलतात. न झिजलेली तीन आम्ही अशी धरून पाहिली. रेघ नाही, डुलणं नाही. मुळातच सपाट बनवलेली.

संध्याकाळी मी खोकं पुन्हा काढलं. वरच्या छपाईत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं नाव. ती कंपनी 1968 मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली, म्हणजे खोकं त्याच्या आधीचं असायला हवं. तळाची घडी सोडवली तर आतल्या बाजूला एकामागून एक वळणाऱ्या तीन बाणांचा त्रिकोण, पुनर्वापराची खूण. ती खूण 1970 साली तयार झाली. खोकं बनवणाऱ्यानं नेहमीच्या सवयीनं छापली असेल, आणि खोटा माल भरणाऱ्यानं घडीच्या आत पाहिलं नसेल. मीही पाहिलं नव्हतं. विक्रेत्यानं पाठवलेले सगळे फोटो वरूनच काढलेले होते, आणि टॅपेटच्या तळाचा फोटो मी मागितलाच नव्हता.

फोन केला. आधी तो गोड बोलला. मग म्हणाला, "तुमच्या मिस्त्रीनं रनिंग-इन नीट केलं नसणार, नव्या कॅमला असं होतंच." वीस मिनिटांचा हिशेब दिला, तर तेलावर घसरला. तेलाचं सांगितलं, तर म्हणाला, "बसवलेला भाग आम्ही परत घेत नाही, बिलावर लिहिलंय." बिल पाहिलं. खरंच लिहिलं होतं. आणि मालाच्या रकान्यात फक्त 'इंजिनाचे भाग, एक संच'. ओरिजिनल नाही, जुना साठा नाही, सालही नाही. त्यानं जे जे सांगितलं होतं ते सगळं तोंडी, आणि त्यातलं एक अक्षर माझ्याकडे लेखी नव्हतं. पैसे तर आधीच भरलेले. खुणेचा फोटो पाठवला, त्यावर उत्तर आलं नाही.

कॅमशाफ्टचे पाच उंचवटे खाल्ले गेलेत, तो आता बदलावाच लागेल. अखेर इंजिन उतरवलंच. बेअरिंगच्या शेलवर बारीक रेघा आहेत. क्रँक वाचला की नाही ते मायक्रोमीटर लावल्यावर कळेल. दुसरीकडून टॅपेटं मागवलीत, नव्यानं बनवलेली, आणि विकणाऱ्यानंही ती नवीच म्हणून विकली. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आली. तात्यांनी पिशवी फाडायच्या आधी कानस शोधली.